तिसऱ्यांदा परत आलेली मोटर

जावयाची मोटर तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मास्तर एका पंख्याच्या पोटात बोटं घालून बसले होते. मान वर न करताच त्यांना कळलं. स्कूटर दारात थांबली, स्टँडवर चढली, आणि मग जड वस्तू उचलताना माणूस काढतो तसा 'हुं' असा आवाज आला. इतका जड पाहुणा दोन महिन्यांत दोनदा येऊन गेला होता. मास्तरांनी पंखा बाजूला सारला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. हल्ली पुसून काही फरक पडत नसे, पण हाताला तेवढंच काम.

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. जळालेल्या मोटरींचं वायंडिंग करणं हा त्यांचा धंदा. काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार मोजून भरायची, तारांच्या झुबक्यांना सुती दोऱ्याने गाठी मारायच्या, वार्निश पाजायचं आणि मोटर परत जिवंत करून द्यायची. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. मास्तर हे नाव बहुधा त्यांच्या रागावरून पडलं असावं. 'माझ्या हातून गेलेली मोटर परत येत नाही,' हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि ऐकवताना टेबलावर हात आपटत.

आणि आता ही. दोन हॉर्सपॉवरची, निळ्या रंगाची, कॉम्प्रेसरची मोटर. दुसऱ्या कुणाची असती तर मास्तरांनी त्याला चार शब्द सुनावून वाटेला लावलं असतं. पण मालक सख्खा जावई. जावयाला सुनावता येत नाही, त्याला खुर्ची द्यावी लागते.

"या, बसा," मास्तर म्हणाले. "चहा सांगू?"

"नको मामा, बसतच नाही." जावयाने मोटर टेबलाच्या कोपऱ्यावर अगदी हळू ठेवली, जणू तिला लागलं असतं. "या वेळी जळलेली नाहीये. मी लगेच बंद केली. घाई मुळीच नाही, तुम्हाला जमेल तेव्हा बघा."

'जमेल तेव्हा.' मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाने एकदा तरी आवाज चढवला असता, 'काय हो, काय काम करून दिलंत?' असं विचारलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. भांडायला तरी जागा झाली असती. पण जावई स्वभावाने गोड. तो समजून घ्यायचा. दोन महिने तो मास्तरांना समजून घेत होता आणि मास्तरांना ते सोसवत नव्हतं.

जावयाचा धंदा लोखंडी कपाटं रंगवायचा. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, टाकीतली हवा नळीतून रंगाच्या पिस्तुलात जाते आणि रंग कपाटावर उडतो. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, हवा कमी झाली की आपोआप सुरू होते. निदान व्हायला हवी. ही मोटर सकाळी नीट सुरू व्हायची, टाकी भरायची, बंद पडायची. आणि परत सुरू व्हायची वेळ आली की जागच्या जागी नुसती 'घूं' करत बसायची. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की गुमान चालायची, आणि टाकी भरली की परत तेच. पहिल्यांदा ती घूं करता करता धूर ओकून मेली. मास्तरांनी नवं वायंडिंग भरून दिलं. तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा मेली. मास्तरांनी परत भरली, कपॅसिटर नवा टाकला, फोनवरून सांगून जाड केबल ओढायला लावली. नाकी नऊ आले, पण तिचं रडगाणं संपेना.

आणि मास्तरांना कारण ठाऊक होतं. तेच तर दुखणं होतं. गार असताना चालते, गरम झाली की अडते, थोडी थांबली की परत चालते, अशा मोटरीत कुठेतरी तारेवरचं रोगण खरवडलेलं असतं. केसाएवढा ओरखडा. तार भरताना तो नजरेने आणि बोटांनी पकडायचा असतो. तीस वर्षं मास्तरांनी तो पकडला होता. आता दोनदा हुकला होता, म्हणजे डोळे गेले होते, आता बोटंही. आंघोळ करताना, जेवताना, दुकानाचं कुलूप उघडताना हाच विचार. स्वतःच्या बोटांकडे बघून ते मनातल्या मनात शिव्या देत, आणि हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्यांदा मोटर जळाली त्या रविवारी मुलगी घरी आली होती. तिला ते मुंगी म्हणत. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि तांब्याच्या तारेचे तुकडे खिशात भरभरून घरी न्यायची, तेव्हापासूनचं नाव. आता ती स्वतः आई झाली होती. आठ महिन्यांचा नातू खांद्यावर थोपटत ती म्हणाली होती,

"बाबा, पुरे करा आता. परवा सुईत दोरा ओवायला आईला हाक मारलीत तुम्ही. यात लाजण्यासारखं काही नाही, डोळेच ते. शेजारचा मोबाइल कव्हरवाला जागा मागतोय ना कधीचा? देऊन टाका."

"ही मोटर परत आली ना," मास्तर ताटावरून उठत म्हणाले होते, "तर शटर ओढीन. कायमचं. मग तरी समाधान होईल ना तुमचं?"

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, 'असं काय बोलता बाबा.' पण मुंगीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "होईल."

तो शब्द मास्तरांच्या छातीत रुतून बसला होता. आणि मोटर परत आली होती.

"तुमच्या बायकोला माहीत आहे, मोटर इथे आणलीय ते?" त्यांनी जावयाला विचारलं.

"नाही मामा. मी म्हटलं, आधी तुम्हाला..." जावयाने वाक्य अर्धवट सोडलं. 'तुमच्या बायकोला' या शब्दांवरून मास्तर चिडलेत, एवढं त्याला कळलं होतं.

 मास्तरांनी मोटर ओढून पुढे घेतली, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. मोटर उठली. एका दमात, तक्रार न करता, गोड आवाजात फिरू लागली. मास्तरांनी बंद केली, चालू केली. बंद केली, चालू केली. मग तशीच पाऊण तास चालत ठेवली. जावई खुर्चीत बसून राहिला, कारण आता उठणंही अवघड झालं होतं. मोटर हात लावला तर चटका बसेल इतकी तापली. मास्तरांनी बंद केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि बटण दाबलं. मोटर उठली.

"चालते," मास्तर म्हणाले.

"तुमच्याकडे चालतेच हो. आमच्याकडे आली की रुसते."

"मोटर काय नवी नवरी आहे रुसायला?"

जावई हसला. मग हसणं आवरतं घेत म्हणाला, "तो आमचा वायरमन म्हणत होता..." आणि थांबला.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. त्याला काय, उचलली जीभ."

"जावईबापू. काय म्हणत होता?"

जावयाचे कान लाल झाले. "की वायंडिंग ढिलं पडतंय. म्हणजे वयाप्रमाणे हात... होतं मामा, सगळ्यांचंच होतं. मी त्याला म्हटलं, आमचे मामा म्हणजे..."

मास्तर उठले. एकतीस वर्षांत ते कुठल्याही गिऱ्हाइकाच्या जागेवर मोटर बघायला गेले नव्हते. मोटर माझ्याकडे आणा, मी तुमच्या दारी येणार नाही, हा त्यांचा नेम होता, आणि त्याचा त्यांना फार तोरा होता. यंत्र कसलं आहे, ते कुठे बसवलंय, कोण चालवतं, याच्याशी वायंडरला काय कर्तव्य? मोटर बरी आहे की नाही, एवढंच त्याचं काम. त्यांनी पिशवीत दोन पाने, पक्कड, टेस्टर आणि ब्लेड टाकलं.

"चला," ते म्हणाले.

"कुठे?"

"तुमच्याकडे. उचला ती भवानी."

जावयाने मोटर उचलली. त्याच्या तोंडावर जे भाव आले ते मास्तरांनी पाहिले नाहीत असं दाखवलं.

जावयाचा कारखाना म्हणजे खाली पत्र्याची लांब शेड आणि वर दोन खोल्यांचं घर. रस्त्याच्या पलीकडे टायरवाला. शेडमध्ये राखाडी अस्तर मारलेली सहा कपाटं दारं उघडी टाकून उभी होती, अर्धवट रंगलेली. जमिनीवर रंगाचे थर साचून चामड्यासारखे झाले होते. वर जाणाऱ्या जिन्याखाली, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, कॉम्प्रेसर.

"वर झोपलाय तो," जावई कुजबुजला. "जरा हळू बोलूया."

"इतका आवाज करणारं यंत्र नेमकं पाळण्याखाली ठेवलंय, आणि मी हळू बोलू?"

"मोटरच्या घरघरीने त्याला उलट छान झोप लागते मामा."

मोटर बसवायला अर्धा तास गेला. जावयाने पट्टा चढवला, मास्तरांनी वायरी जोडल्या. वायरींची टोकं त्यांनी डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त शोधली, आणि जावई हे बघतोय हे जाणवून मुद्दाम एकदा चष्मा कपाळावर ढकलला.

बटण दाबलं. मोटर उठली, पट्टा फिरला, कॉम्प्रेसर खडखडू लागला. काटा चढत गेला. दोन-अडीच मिनिटांत टाकी भरली आणि 'टक्' असा आवाज होऊन सगळं शांत झालं. वरच्या मजल्यावर कुणी हललं नाही.

त्याच वेळी रस्त्यापलीकडचा टायरवाल्याचा कॉम्प्रेसरही थांबला. टक्, आणि पाठोपाठ 'फुस्सऽऽ'.

मास्तरांनी मान वळवली. "त्याचा फुसकतो. तुमचा का नाही फुसकत?"

"पूर्वी फुसकायचा की. मोटर चालू-बंद करतो त्या काळ्या डब्याखालून. आता बरेच दिवस झाले, गुणी झालाय." जावयाने पिस्तूल उचललं. "आता बघा हं मामा. आता दाखवतो तुम्हाला तमाशा."

तो एका कपाटाच्या दारावर रंग मारू लागला. काटा उतरत गेला. खालच्या खुणेशी पोचला, परत 'टक्' झालं, आणि मोटर 'घूंऽऽऽ' करत जागच्या जागी थरथरू लागली. पट्टा हलेना. जावयाने पिस्तूल टाकून झेप घेतली आणि बटण बंद केलं.

"झालं," तो म्हणाला. "आता पंधरा मिनिटं बसायचं. दिवसातून आठ वेळा बसतो मी असा."

मास्तरांनी पुढे होऊन मोटरीवर तळहात टेकवला.

तो तळहात त्यांनी तिथेच ठेवला. मग दुसरा ठेवला. मोटर गार होती. दोन-अडीच मिनिटं चाललेली मोटर, तापणार ती काय? टेबलावर ती पाऊण तास तापूनही उठली होती, आणि इथे गारेगार असताना अडून बसली होती. म्हणजे ओरखडा नव्हता. रोगण खरवडलेलं नव्हतं. गरम होण्याचा आणि अडण्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. दोन महिने ज्या गोष्टीसाठी त्यांनी स्वतःच्या बोटांना शिव्या दिल्या, ती एकदा येऊन हात लावला असता तर मिटली असती. मास्तरांना इतका आनंद झाला आणि त्या आनंदाचा इतका राग आला, की त्यांनी कॉम्प्रेसरच्या टाकीला एक लाथ घातली.

"मामा!"

"मेन स्विच काढा," मास्तर म्हणाले. "पूर्ण."

वीज बंद झाल्यावर त्यांनी पट्ट्याची मोठी पुली दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. ती थोडी फिरली, मग जड झाली, आणि हात सोडताच झटक्याने मागे आली. परत फिरवली, परत मागे आली. आतून कुणी ढकलतंय असं वाटावं.

"ही अडत नाहीये जावईबापू. हिला अडवतंय कुणीतरी. टाकीतली हवा टाकीत राहायला हवी, पण कॉम्प्रेसरच्या वरच्या डोक्यातही हवा कोंडून बसलीय. उठायच्या आधीच हिच्या छातीवर दगड. उठेल कशी? पंधरा मिनिटांत ती हवा आपली आपण झिरपून जाते, मग उठते."

"मग तो टायरवाल्याचा फुस्स..."

"तोच! थांबल्यावर डोक्यातली हवा सोडून द्यायची, त्याचा तो आवाज. तुमचा गुणी झाला ना? कुठून फुसकायचा म्हणालात?"

जावयाने काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. कॉम्प्रेसरच्या डोक्यापासून त्या डब्याखालपर्यंत एक बारीक प्लॅस्टिकची नळी जात होती, पट्ट्याच्या जाळीमागून, अंधारातून. मास्तर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. डोळे मिटले, कारण उघडे ठेवूनही तिथलं काही दिसणार नव्हतं, आणि नळीवर बोटं ठेवून इंच इंच पुढे सरकू लागले.

मध्यावर बोटं थांबली.

नळी दुमडलेली होती. घडी घालून दुहेरी केलेली, आणि तिच्यावर दोरा गुंडाळून गाठ मारलेली. सुती दोरा. दोन वेढे, एक वेढा त्यांच्या खालून, टोक मागे ओढून दाबलेलं. मास्तरांच्या बोटांनी ती गाठ ओळखली आणि ते तसेच बसून राहिले. ही गाठ जगात दोनच माणसं मारत. पुस्तकातली नव्हती ती, मास्तरांनीच तारांच्या झुबक्यांसाठी शोधून काढली होती. घट्ट बसते, घसरत नाही, वार्निश न लावताही सुटत नाही. आणि नऊ वर्षांच्या एका पोरीला, तिची बोटं बारीक म्हणून, तारेच्या रिकाम्या रिळावर बसवून त्यांनीच ती शिकवली होती.

त्यांनी नखाने गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना. टोक ओढून पाहिलं, दोरा चाचपून पाहिला. नाहीच. शेवटी त्यांनी पिशवीतून ब्लेड काढलं आणि बोटाच्या अंदाजाने दोरा कापला.

फुस्सऽऽऽऽ!

दोन महिन्यांची कोंडलेली हवा निघावी असा तो आवाज शेडभर झाला. वर नातू दचकून उठला आणि त्याने टाहो फोडला. पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली.

"अहो, किती वेळा सांगितलं, हा आवाज..." मुंगी पोराला कडेवर घेऊन जिना उतरत होती. अर्ध्यावर तिचं लक्ष गेलं. "बाबा? तुम्ही? इथे?"

मास्तरांनी हात पुढे केला. तळहातावर कापलेला दोरा होता. वेढे कापले गेले होते, पण गाठ तशीच होती.

"ही कुणाची?"

मुंगीने एकदा गाठीकडे आणि एकदा कॉम्प्रेसरकडे पाहिलं. "माझी. का? दर वेळी फुस्स झालं की हा झोपेतून दचकून उठायचा. रडून रडून निळा व्हायचा. त्या नळीतून नुसती हवाच तर वाया जात होती, म्हणून दुमडून बांधली. मोटरला मी हातसुद्धा लावला नाही."

"मोटरला हात लावला नाहीस!" मास्तरांचा आवाज पत्र्यावर जाऊन आदळला. "मोटरवाल्याची पोर ना तू! मोटर सोडून जगात दुसरं काही असतं हे ठाऊकच नाही! दोन महिने! दोन वेळा मी ही उपसली, दोन वेळा भरली! दोन महिने मी माझ्या बोटांना शिव्या देतोय, मेल्यांनो, तुम्ही संपलात म्हणून! तो कोण कुठला वायरमन माझ्या हातांबद्दल बोलतो आणि मी ऐकून घेतो! आणि तू? तू मला म्हणालीस, होईल समाधान! तुझ्या गाठीने मोटर मारायची, आणि शटर मी ओढायचं?"

मुंगी शेवटच्या पायरीवर मटकन बसली. पोर रडतच होतं. तिने त्याला थोपटायला हात उचलला आणि तो तसाच राहिला.

"म्हणजे... ती यामुळे जळायची?"

"दोन्ही वेळा," जावई म्हणाला. मग त्याला वाटलं, आपण बोलायला नको होतं. "मी चहा सांगून येतो," असं म्हणून तो शेडबाहेर निघूनच गेला.

"मला वाटलं, तुमचंच काहीतरी..." मुंगीचे डोळे भरून आले. "मी घाबरले होते बाबा. आईला म्हटलंसुद्धा मी, बाबांच्या हातून आता होत नाही, कुणीतरी सांगायला हवं. तुमच्या तोंडावर 'होईल' म्हणाले आणि मग घरी येऊन रडले. मला काय माहीत, की मीच..."

मास्तरांना आणखी बरंच बोलायचं होतं. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. पण त्यांना दिसलं की बोलायच्या भरात गाठीचा दोरा त्यांनी मुठीत इतका आवळलाय, की बोटं पांढरी पडलीत. आणि बोलून तरी काय करणार? ते स्वतः कुठे आले होते बघायला? मोटर माझ्याकडे आणा, म्हणत बसले होते. मोटर सोडून जगात दुसरं काही असतं, हे त्या पोरीला शिकवलं नव्हतं ते त्यांनीच.

"दे इकडे त्याला," ते शेवटी म्हणाले.

नातवाला त्यांनी मांडीवर घेतलं. त्याने आजोबांचा चष्मा पकडला आणि रडणं अर्ध्यावर सोडून दिलं.

"हे यंत्र मागच्या भिंतीपलीकडे हलवायचं," मास्तर म्हणाले. "उद्याच. पत्र्याचं छप्पर घाला वर. तिथे हवं तेवढं फुसकू दे. आता ती नळी बघ, दुमडून दुमडून चेपलीय, तिथे पुढेमागे फुटेल. तेवढा तुकडा कापून टाक आणि नळी परत बसव."

मुंगीने डोळे पुसले, पक्कड घेतली आणि जाळीमागे वाकली. तिने नळी कापली, उरलेली ओढून परत बसवली. नळी आता पट्ट्याजवळ लोंबकळत होती.

"ही घासेल पट्ट्याला," ती म्हणाली.

"मग बांध तिला बाजूच्या पाइपाला."

"तुम्ही बांधता?"

मास्तरांनी पिशवीतून सुती दोऱ्याचं रीळ काढून तिच्या हातात दिलं. "मला दिसत नाही," ते म्हणाले. हे वाक्य तोंडातून काढायला त्यांना एवढे दिवस लागले होते. "तार भरायला दिसायची गरज नाही, ती बोटं भरतात. ती अजून बरोबर भरतात, आज कळलं. पण गाठी दिसत नाहीत. तुझ्या या मोटरीच्या गाठी मी चाचपून मारल्या. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. एवढं तू खरं बोललीस."

 मुंगीने दोरा तोडला. दोन वेढे, एक खालून, टोक मागे. मास्तरांनी वाकून बोट फिरवून पाहिलं.

"पक्की आहे," ते म्हणाले. "या वेळी दुमडलेली नाही ना?"

"नाही हो बाबा!" ती रडता रडता हसली.

"सकाळी दोन तास येत जा दुकानात. गाठी मारायला. याला घेऊन ये, तिथे फुसकणारं काही नाही. मी सोडून."

"आणि शटर?"

"शटर वर केल्याशिवाय आत कशी येशील?"

जावई रिकाम्या हातांनी परत आला. चहा सांगायला तो बहुधा विसरलाच होता. मास्तरांनी त्याला मेन स्विच टाकायला सांगितलं. मोटर उठली, टाकी भरली, टक्, फुस्स. नातू दचकला, त्याचा ओठ थरथरला, आणि तिघंही श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याने भोकाड पसरलंच. मुंगीने त्याला उचलून खांद्यावर टाकलं.

"रडू दे," मास्तर म्हणाले. "मारा रंग."

जावई रंग मारू लागला. काटा उतरत उतरत खालच्या खुणेशी आला. टक् झालं, आणि मोटर जराही घूं न करता उठली. पट्टा सळसळत फिरला. जावयाने पिस्तूल खाली केलं आणि पहिल्यांदाच मास्तरांकडे बघून काहीही समजुतीचं बोलला नाही. मास्तर पुढे झाले, मोटरीवर त्यांनी तळहात ठेवला, आणि ती चांगली गरम होईपर्यंत काढला नाही.